दोऱ्यालाही कंडिशनर?

"मामा, तुझ्या दोऱ्याचे केस गळायला लागले का रे?"

दोस्तांनो, आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने परवा मला हा प्रश्न विचारला आणि स्वतःच खो खो हसत सुटला. झालं होतं असं की, माझी गरवण्याची पेटी त्याच्या हाती लागली होती. गरवणं म्हणजे गरीने मासे पकडणं, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, गरी म्हणजे माशाचा गळ. त्या पेटीत गऱ्या होत्या, शिशाची वजनं होती, रीळ होतं आणि एका कोपऱ्यात फवाऱ्याची छोटी बाटली होती. बाटलीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'लाइन कंडिशनर'.

"आई केसांना लावते ते कंडिशनर मला माहीत आहे. पण मासे पकडायच्या दोऱ्याला कंडिशनर? त्याला काय केस विंचरायचे आहेत?"

प्रश्न थट्टेचा होता, पण वाईट मुळीच नव्हता. उलट, आईचं कंडिशनर आणि माझी बाटली यांचं नातं जवळचं आहे. आणि मला तर त्या बाटलीकडे पाहिलं की एक पांढरा बगळा आठवतो. तो का, ते पुढे सांगेनच. आधी दोऱ्याची ओळख करून घेऊ.

घोड्याच्या शेपटीपासून नायलॉनपर्यंत

मासे पकडायचा पारदर्शक दोरा तुम्ही नक्की पाहिला असेल. घरात मण्यांचं तोरण असेल तर त्यातले मणी बहुधा त्याच दोऱ्यात ओवलेले असतात. आपल्याकडे त्याला 'तंगूस' म्हणतात. सुती दोरा अनेक बारीक तंतूंना पीळ देऊन बनवतात. तंगूस मात्र नायलॉनची एकच सलग तार असते.

पण नायलॉन आलं कालपरवा. त्याआधी माणसं काय वापरत होती? इंग्लंडमध्ये चक्क घोड्याच्या शेपटीचे केस! आयझॅक वॉल्टन नावाच्या लेखकाने १६५३ साली मासे पकडण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते आजही वाचलं जातं. त्यात घोड्याच्या केसांचा दोरा कसा वळायचा याचा पाठ आहे. म्हणजे भाच्याचा केसांचा विनोद साडेतीनशे वर्षांपूर्वी विनोद ठरला नसता!

पुढे रेशमाचे दोरे आले. रेशीम पाणी पितं आणि ओलं राहिलं तर कुजतं. म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचा थर देत असत. मासेमारीहून घरी आलं की दोरा रिळावरून पूर्ण उलगडायचा, वाळत घालायचा आणि तो पाण्यावर तरंगावा म्हणून पुन्हा चरबीसारखं मलम चोळायचं. हा सगळा उद्योग दरवेळी करायचा! पाहिलंत? दोऱ्याला 'कंडिशनर' लावायची कल्पना आजची नाहीच. तेव्हा ते डबीत मिळायचं, आता बाटलीत मिळतं, इतकंच.

गळाजवळचा शेवटचा तुकडा आणखी वेगळा असे. रेशमाच्या किड्याच्या शरीरातली रेशमाची ग्रंथी ताणून तिची पारदर्शक तार करत. स्पेनमधला मुर्सिया हा भाग या तारांसाठी प्रसिद्ध होता. ही तार कोरडी असताना इतकी कडक असायची की आधी पाण्यात भिजवल्याशिवाय तिला गाठ मारता येत नसे.

मग १९३५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉन तयार केलं. कंपनीने ते जगापुढे आणलं १९३८ साली. दुर्दैवाने कॅरोथर्स तेव्हा हयात नव्हते. १९३७ सालीच त्यांचं निधन झालं होतं. नायलॉनची पहिली वस्तू बाजारात आली ती म्हणजे दात घासायचा ब्रश. ब्रशचा एक केस निरखून पाहा, तो तंगुसाचाच आखूड तुकडा वाटेल. मासेमारीच्या दोऱ्यात नायलॉन आलं आणि वाळत घालायची, मलम चोळायची कटकट संपली.

संपली खरी, पण एक नवी कटकट आली.

दोऱ्याला आठवण असते

तंगूस महिनाभर रिळावर गुंडाळून ठेवा आणि मग चार हात सोडून पाहा. सरळ पडण्याऐवजी तो स्प्रिंगसारखा वेटोळी घालून बसतो. जणू रिळाचा आकार त्याने पाठ केलाय! इंग्रजीत याला दोऱ्याची 'मेमरी' म्हणतात. आपण 'आठवण' म्हणू.

ही आठवण येते कुठून? नायलॉन हे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी धरून ठेवतात. दोरा गोल वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. असाच दाब बरेच दिवस राहिला तर साखळ्या हळूहळू सरकतात, जुने हात सोडतात आणि नव्या जागी नवे हात धरतात. मग वाकडेपणा हाच दोऱ्याचा स्वभाव होतो.

यामुळे बिघडतं काय? बरंच काही. आपण काठी झोकून गळ लांब फेकतो तेव्हा दोरा रिळावरून सुटून काठीवरच्या कड्यांमधून सपासप धावतो. वेटोळी पडलेला दोरा त्या कड्यांवर आपटत, घासत जातो. गळ जवळच पडतो. वेटोळी एकमेकांत अडकली की गुंता! शिवाय पाण्यात दोरा सैल नागमोडी राहिला तर माशाने आमिषाला तोंड लावलं तरी आपल्या बोटाला ते कळत नाही. आपल्याला कळेपर्यंत मासा कोलंबी खाऊन, तोंड पुसून गेलेला असतो.

फवारा काय करतो?

आता येऊ बाटलीकडे. अशा अनेक फवाऱ्यांमधला कामाचा पदार्थ सिलिकोनच्या जातीचा असतो. सिलिकोनच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांचा असतो. वाळूतही मुख्यतः हीच दोन असतात. पण वाळू खरखरीत आणि सिलिकोनचं तेल मात्र कमालीचं बुळबुळीत! ते पृष्ठभागावर अगदी पातळ पसरतं आणि पाण्याला दूर ठेवतं. केसांच्या बऱ्याच कंडिशनरमध्येही सिलिकोन असतं. केसाकेसांमधलं घर्षण कमी होतं, म्हणून फणी न अडकता फिरते. दोऱ्याचंही तेच. कड्यांवरचं घर्षण कमी, वेटोळ्यावेटोळ्यांमधलं घर्षण कमी, म्हणून गुंताही कमी.

वापरायची रीत सोपी आहे. रीळ आधी गोड्या पाण्याने धुवायचं. खाडीवरून आलेल्या दोऱ्यावर मिठाचे कण वाळून बसलेले असतात. ते राहिले तर दोरा खरखरीत होतो. मग रीळ वाळवायचं, गुंडाळलेल्या दोऱ्यावर फवारा मारायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी जास्तीचं असेल ते फडक्याने टिपायचं. फवारा मोकळ्या हवेत मारायचा, चुलीजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नाही. हात धुतल्याशिवाय आमिषाला हात लावायचा नाही.

"म्हणजे आईचं कंडिशनर चोळलं तरी चालेल?" भाच्याने लगेच विचारलं.

नाही चालणार! आणि हे मी अनुभवाने सांगतोय. कंडिशनर नसलं तरी मी एकदा असंच काहीसं चोळलं होतं.

खोबरेल तेलाचा पराक्रम

मी तेव्हा सहावीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो होतो, मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. मामाने मला माझा स्वतःचा तंगूस दिला होता. काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला दोरा हाताने फिरवून फेकायचा. माझा दोरा वेटोळी घालायचा आणि दहा हातांपलीकडे जायचा नाही. मामाचा मात्र खाडीच्या मध्यावर.

मला वाटलं, दोरा सुळसुळीत केला की झालं. आजीच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि सगळा तंगूस तेलात माखून टाकला. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली फेक खरंच लांब गेली. मी खूश! पण दोरा ओढून घेतला की तो पायाशी वाळूत पडायचा. तेलकट दोऱ्याला वाळू चिकटली. पुढच्या प्रत्येक फेकीला तो वाळूचा दोरा माझ्या बोटांतून आणि काठच्या खडकावरून घासत जाऊ लागला. पॉलिशपेपरने घासावा तसा! मला त्याचा पत्ताच नव्हता.

आणि नेमका तेव्हाच मोठा मासा लागला. तांबोसाच असणार, मामा म्हणाला. दोरा तळहातात रुतला. मी ओरडलो, मामा धावला आणि तेवढ्यात, खट्! हातात नुसता हलका दोरा. मासा गेला, गरी गेली आणि पंधरावीस हात तंगूसही गेला.

मला रडू आलं. मामाने उरलेला दोरा बोटांत धरून पाहिला, वास घेतला.

"दोऱ्याक तेल लावलंस?"

मी मान हलवली. वाटलं, आता ओरडणार. तो ओरडला नाही. खाडीकडे बघत म्हणाला, "मासो गेलो तर जांव दे. पण तंगूस खय आसा?"

मासा गेला तर जाऊ दे, पण दोरा कुठे आहे? हे विचारण्यासारखं काय आहे, तेव्हा मला कळलं नाही. ते कळलं तीन दिवसांनी. भरती ओसरल्यावर कांदळाच्या झाडीत एक बगळा फडफडताना दिसला. त्याच्या पायाला आणि एका पंखाला तंगूस गुंडाळला होता. दुसरं टोक कांदळाच्या मुळांत. जितका तो ओढी तितका दोरा आवळत होता.

मामा चिखलात उतरला. आधी त्याने आपला पंचा बगळ्याच्या डोक्यावर टाकला. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग कोयतीच्या टोकाने एकेक वेढा कापला. दोरा बाहेर काढून त्याने माझ्या हातात ठेवला. अजून तेलकट होता आणि त्यावर वाळू होती.

बगळा उडाला. एक पाय लोंबत होता, पण उडाला. मामा एक शब्दही बोलला नाही. मला आजही वाटतं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेल आणि फवारा यांत फरक काय?

खोबरेल तेल दोऱ्यावर चिकट, ओलं राहतं. धूळ, वाळू, मीठ सगळं गोळा करतं. दोऱ्यासाठी बनवलेला फवारा वाळून किंवा पातळ पसरून अगदी बारीक थर ठेवतो. केसांचं कंडिशनर केसांना चिकटेल अशा बेताने बनवलेलं असतं. त्यात मलईसारखे पदार्थ असतात, सुवास असतो. ज्याचं काम त्यानेच करावं!

पण फवारा म्हणजे जादूची कांडी नव्हे. काही गोष्टी तो करू शकत नाही. खडकावर घासून दोऱ्याला खाच पडली असेल तर ती भरून येत नाही. खाच पडली तिथे दोरा कधी तरी तुटणारच. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या साखळ्याच तोडतात. त्या फवाऱ्याने जुळत नाहीत. नायलॉन पाणीही पितं. बराच वेळ पाण्यात राहिलं तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत पाणी ते शोषू शकतं. पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरतं, त्यांचे एकमेकींना धरलेले हात ढिले करतं. म्हणून ओला तंगूस मऊ होतो, पण थोडा कमजोरही होतो. फवाऱ्यामुळे हे शोषण पूर्ण थांबत नाही.

आणखी एक. गुळगुळीत दोऱ्यावर ढिली गाठ घसरू शकते. म्हणून गाठ नीट आवळून, ओढून तपासायची.

मग फवारा नसेल तर? काही बिघडत नाही. रीळ थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. दोऱ्याचं एक टोक झाडाला बांधा, उलगडत लांब जा आणि हळूहळू ताणून अर्धा मिनिट धरा. बरीचशी वेटोळी निघून जातील. माझ्या मामाची हीच पद्धत होती. म्हणून त्याचा दोरा खाडीच्या मध्यावर जायचा. मी विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!

करून पाहा

हे दोन्ही प्रयोग घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा.

प्रयोग १ : आठवण पुसू या. तंगुसाचे हातभर लांबीचे दोन तुकडे घ्या. दोन्ही पेन्सिलींवर घट्ट गुंडाळून, टोकं चिकटपट्टीने बंद करून तीन दिवस ठेवा. मग सोडा. दोन्हींची स्प्रिंग झालेली दिसेल. आता एक तुकडा कोरडाच ठेवा. दुसरा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून दोन्ही हातांनी हळू ताणा. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कोण जास्त सरळ आहे ते मोजा.

प्रयोग २ : गाठ कोरडी की ओली? ०.२० मिलीमीटर जाडीचा तंगूस, एक छोटी बादली आणि लिटरची बाटली घ्या. दोऱ्याचं वरचं टोक खिडकीच्या गजाला आठदहा वेढे देऊन मग बांधा. खालचं टोक बादलीच्या कडीला बांधा. ही गाठ अशी मारा : दोरा कडीखालून घ्या, स्वतःभोवती पाच पीळ द्या, टोक कडीजवळच्या छोट्या फटीतून मागे काढा आणि ओढा. बादली जमिनीपासून फक्त दोन बोटं वर असू द्या. खाली जुनं पोतं पसरा. डोळ्यांना चष्मा हवाच. तुटलेला दोरा चाबकासारखा उसळतो.

आता मापून, थोडं थोडं पाणी ओता. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. रिकाम्या बादलीचं वजनही धरा. किती किलोला दोरा तुटतो ते वहीत लिहा. पाच वेळा गाठ कोरडीच, झटक्यात आवळा. पाच वेळा गाठ पाण्याने ओली करून सावकाश आवळा. दोन्हींची सरासरी काढा.

कोरडी गाठ झटक्यात आवळली की दोरा दोऱ्यावर घासतो, तापतो आणि तिथेच कमजोर होतो. म्हणून जुने मासेमार गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करतात. पैसा न लागणारं कंडिशनर! तुमच्या बादलीला हे पटतं का ते बघा. एकाच प्रयोगावर मात्र विसंबू नका. पाच वेळा करायचं ते त्यासाठीच.

दोरा कुठे आहे?

भाच्याला हे सगळं सांगून झालं. त्याने बाटली पेटीत ठेवली आणि पेटीतली आणखी एक वस्तू उचलली, झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा. "हे काय?"

तो तुटक्या दोऱ्यांचा डबा. कापलेलं प्रत्येक टोक, गुंत्यातला प्रत्येक तुकडा त्या भोकातून आत जातो. घरी आल्यावर तुकडे बोटभर लांबीचे कापूनच मी कचऱ्यात टाकतो, म्हणजे कोणाच्या पायात अडकायला नको. नायलॉन कुजत नाही. पाण्यात राहिलेला तंगूस शेकडो वर्षं टिकेल असा अंदाज आहे. ज्या टिकाऊपणासाठी आपण तो घेतो, तोच टिकाऊपणा बगळ्याच्या पायात फास होतो.

तुम्ही गरवत नसाल, तरी संक्रांतीला पतंग उडवत असालच. नायलॉनचा मांजा म्हणजे तंगुसाचाच भाऊबंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीत झाडांवर आणि तारांवर तो लोंबताना दिसतो आणि त्यात घारी, कबुतरं अडकतात. दुचाकीवरच्या माणसांचे गळेही चिरतात. साधा सुती दोरा घेतला तर दोनचार पतंग कमी कापले जातील, एवढंच.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका. त्याच्या डोक्यावर हलकं फडकं टाका आणि मोठ्यांना हाक मारा. वनखात्याला किंवा गावातल्या पक्षिमित्रांना कळवा.

तर दोस्तांनो, दोऱ्याची निगा राखायची ती दोन कारणांसाठी. धड राहिलेला दोरा लांब जातो, हे पहिलं. आणि धड राहिलेला दोरा सहसा तुटत नाही, पाण्यात मागे राहत नाही, हे दुसरं. बाटलीवर पहिलं कारण छापलेलं असतं. दुसरं मला मामाने शिकवलं.

येत्या रविवारी मी भाच्याला घेऊन खाडीवर जाणार आहे. डबा तो धरणार आहे.